तो बल्ब उगाच नाही लावलाय, काका!

काका नमस्कार. तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू, पण रात्री जेवण झाल्यावर परत वाचली तर तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याच कमेंटमध्ये सापडली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचं मी लिहिलं होतं (दोघांचं काम एकच, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करायची), ते वाचून काकांनी वेंगुर्ल्याला आपल्या ट्रॅक्टरला तसंच केलं, आणि चार्जिंगच होईना. मग त्यांच्या फिटरने चार्जिंगचा दिवा काढून टाकला आणि चावीतून वायर सरळ अल्टरनेटरच्या डी प्लसला, म्हणजे दिव्याची वायर जिथे जोडतात त्या टोकाला दिली, झालं सुरू. तेव्हा काकांचं म्हणणं असं की बल्बची भानगड मी लोकांच्या गळ्यात उगाच मारतो, जाड वायरीचा खर्च फुकट, अर्थ (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) तपासायचं कुठे लिहिलेलंच नाही, आणि एवढं सगळं करून बॅटरी सकाळी डाउन ती डाउनच. आणि त्यांचा डायनॅमो तीस वर्षं चालला.

आता मधेच तुम्ही एक वाक्य लिहिलंय काका, "जुना बल्ब गेलेला म्हणून नवा एलईडी टाकला". घोळ तिथेच आहे.

डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, फिरला की त्यावर तो आपला आपण उठतो, त्याला कोणी हाक मारावी लागत नाही. अल्टरनेटरच्या रोटरात, म्हणजे आत फिरणाऱ्या कॉइलच्या भागात, ते फारच कमी असतं, त्याला सुरुवातीला बॅटरीकडून थोडा करंट पाजावा लागतो, आणि तो जातो या चार्जिंगच्या दिव्यातून. साधा ३ वॅटचा बल्ब असेल तर १२ व्होल्टला पाव अँपिअर जातो, तेवढ्यात अल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून जातात जेमतेम १०-२० मिलीअँपिअर. म्हणजे दिवा छान लागतो पण अल्टरनेटर झोपलेलाच. इंजिनला जोरात रेस दिली तर कधीकधी उठतो सुद्धा, म्हणून माणूस अजून गोंधळतो. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ५६ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर जोडा, नाहीतर सरळ जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा, विषय संपला.

आता सरळ वायर दिल्यावर चाललं हे खरंच आहे, फिटर खोटं बोलला नाही. पण बल्ब मधून काढला की करंटला अडवणारं कोणी उरलं नाही. रोटरचा रेझिस्टन्स साधारण ३-४ ओहम, म्हणजे इंजिन बंद आणि चावी चालू असेल तर ३ ते ४ अँपिअर सतत जाणार. आणि आपल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरात काय होतं? इंजिन आपण चावीने बंद करत नाही, स्टॉपची दोरी ओढतो, आणि चावी राहते तशीच! पूर्वी लाल दिवा डोळ्यासमोर असायचा म्हणून आठवण व्हायची, आता तोही काढला. रात्रीचे दहा तास धरा, ३५ अँपिअर-अवर गेले, ७५ ची बॅटरी असली तर जवळजवळ अर्धी रिकामी. बल्ब असता तर त्याच विसरभोळेपणात अडीचच गेले असते. सकाळी डाउन का असते ते कळलं ना?

दुसरी गंमत त्याहून वाईट. अल्टरनेटरच्या आत रोटरला खायला घालण्यासाठी तीन छोटे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) वेगळे असतात, ते फक्त त्या कामापुरतेच. सरळ वायर दिली की चावीवर जे जे आहे, हॉर्न म्हणा, मीटर म्हणा, लाइट म्हणा, सगळे त्या तीन बिचाऱ्यांकडून पण करंट ओढायला बघतात. आज चालेल, भाताच्या चिखलणीच्या ऐन हंगामात, पावसात लाइट लावून काम करताना उडतील आणि मग अल्टरनेटरच खराब आला म्हणून दुकानदाराशी भांडण.

जाड वायरीबद्दल. तुम्ही डायनॅमोची जुनी वायर तशीच वापरली असं दिसतंय. डायनॅमो देणार २० अँपिअरच्या आसपास, नवा अल्टरनेटर ३५ पर्यंत. हिशोब करून बघा, ३ मीटर लांब २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ३० अँपिअर गेले तर ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला, त्याला स्वतःच्या तोंडाशी १४.२ दिसतात, तो खूश, बॅटरीला मात्र १३.६ मिळतात. तीच वायर ६ ची घेतली तर गळती पाव व्होल्ट. आणि हा हिशोब नव्या कोऱ्या वायरीचा झाला हो. आमच्या आचऱ्याला काय, तुमच्या वेंगुर्ल्याला काय, खारी हवा आहे, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) वर्षभरात हिरवं होतं, आणि इन्सुलेशन सोललं तर आत तांबं काळं पडलेलं असतं वीतभर. मी माझी जुनी वायर सोलत सोलत गेलो तर चांगलं तांबं लागेचना, शेवटी पूर्ण टाकून दिली. थिंबल नीट प्रेस करून घ्या, पिळून टेप मारू नका, वरून व्हॅसलिन. अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर बसतो तिथला रंग पण खरवडा, अर्थ तिथूनच जातो.

आणि अर्थाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, इथे मी चुकलो. जुन्या ब्रिटिश वळणाच्या काही ट्रॅक्टरांत बॉडीला प्लस असायचा. डायनॅमोला त्याने फरक पडत नव्हता, पण अल्टरनेटर तसा जोडला तर डायोड क्षणात जळतात. बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक गेलंय ते आधी बघायचं, प्लस असेल तर बॅटरी फिरवायची आणि अँमीटरच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, नाहीतर काटा उलटा नाचतो. माझ्या ट्रॅक्टरला मायनसच होता म्हणून मला सुचलंच नाही. लेखात आजच पहिल्या परिच्छेदात टाकलंय.

तीस वर्षं चाललेल्या डायनॅमोबद्दल मी काय बोलणार, चाललाच असेल. फक्त कमी रेसवर तो चार्ज करत नाही, आणि चिऱ्यांची ट्रॉली घेऊन घाटी चढताना लाइट मिणमिणतात, एवढ्यासाठीच मी बदलला.

जुना कटआऊट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा) अजून वायरिंगमध्ये असेल तर तोही काढा, त्याचं काम आता नाही. मग साधा बल्ब लावा, चावी फिरवा, इंजिन बंद असताना लागला पाहिजे, स्टार्ट करून थोडी रेस दिली की विझला पाहिजे. तेव्हा बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा आणि किती दाखवतो ते इथेच लिहा. १३.८ च्या खाली असेल तर थिंबलचे फोटो पण टाका.