स्वयं आणि स्वयंपाक

लेकीच्या कॉलेजने सांगितलं, एक विषय 'स्वयं'वरून, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणाच्या पोर्टलवरून, ऑनलाइन करा, क्रेडिट मिळतील. (विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 पासून एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय असे करायची मुभा दिली आहे, हे ज्ञान मला तिनेच दिलं.) तिने पायथन ही कॉम्प्युटरची भाषा निवडली. 12 आठवड्यांचा कोर्स, नोंदणीला पैसे नाहीत, वयाची अट नाही. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने मीही नाव घातलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी. नवरा म्हणाला, "स्वयं म्हणजे सगळं स्वतः करायचं असतं बरं का." जसं काही एरवी या घरात दुसरंच कुणी करतं.

आयआयटीतले सर थेट आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. माझ्या वेळी लेक्चर बुडवून कॅन्टीनला गेलं की मागे कुणी तरी 'येस सर' म्हणून मोकळं व्हायचं. इथे मी उठले की सर तोंड अर्धवट उघडं ठेवून तसेच थांबतात. भाजीला फोडणी देऊन येईतो थांबतात, दुपारची झोप होईतो थांबतात. संध्याकाळपर्यंत ते उघडं तोंड बघवेना, तेव्हा मी टॅबवर क्रोशाचा रुमाल टाकला.

असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत. पण बारापैकी सर्वांत चांगल्या आठच धरतात, हे कळलं आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. चार दांड्या माफ! शहाण्या बाईने त्या अडीअडचणीला राखून ठेवल्या असत्या. माझ्या सहाव्या आठवड्यातच संपल्या. दोन गौरी-गणपतीच्या पायी, दोन कशापायी ते आठवत नाही.

विषय अवघड नव्हता, शिस्त अवघड होती. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवून सुरू केली, यावर तिचा अर्थ ठरतो. एक जागा कमी-जास्त झाली की लाल अक्षरात इंडेंटेशन एरर. शाळेत आमच्या बाई समास आखला नाही म्हणून वही भिरकावायच्या. त्या बाई आता कॉम्प्युटरमध्ये राहायला गेल्या आहेत, अशी माझी खात्री आहे.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलत बसायच्या. त्यांचं नाव कुठेच नोंदवलेलं नव्हतं, हजेरी मात्र शंभर टक्के. सर 'रेंज' शिकवत होते. एक ते दहा असं लिहिलं तरी पायथन नऊलाच थांबतं, दहा धरत नाही. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. चौथ्यांदा सासूबाईंचा धीर सुटला.

"अगं, त्यात काय एवढं? आपल्या नळासारखं आहे ते. दहापर्यंत म्हणतात आणि नऊला पाणी जातं."

"आई, तसं नसतं हो ते."

"तसंच आहे. बादल्या भरल्यास का?"

भरल्या नव्हत्या.

पुढे परीक्षेची फी आली, 1000 रुपये. पौष्टिकपणा तिथे संपला आणि खरी भीती सुरू झाली. असाइनमेंटचे 25 गुण, परीक्षेचे 75, आणि गंमत अशी की ऑनलाइन कोर्सची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, हॉल तिकीट आणि ओळखपत्र दाखवून द्यायची. बारा आठवडे गाऊनवर शिकलेली मी, त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून लेकीबरोबर रिक्षातून उतरले.

गेटवरचे काका म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा."

मी हॉल तिकीट पुढे केलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "तुमचं आहे?" मागे मुलांची रांग खोळंबली. लेक एव्हाना दहा पावलं पुढे जाऊन, आमची ओळखदेख नसल्यासारखी भिंतीवरची बैठकव्यवस्था वाचत होती.

आत एसी इतका गार की पदर कानावरून घ्यावा लागला. दुसराच प्रश्न: रेंज एक ते दहा, लूप किती वेळा फिरेल? पर्याय आठ, नऊ, दहा, अकरा. शेजारचा मुलगा बोटं मोजत होता. मला सरांचं एक वाक्य आठवेना. रिकामी बादली तेवढी दिसली, आणि मी नऊवर टिचकी मारली.