पाइप पाना आणि मनगटाचा जोर एवढ्यावर रायफलची बॅरल बदलत नाही

रायफलची बॅरल घरी बदलण्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. मजबूत व्हाइस आणि लांब दांड्याचा पाइप पाना असला की काम होतं. टॉर्क पाना (नटवर किती पीळ पडतो ते दाखवणारा) आणि गेज (चेंबरची खोली तपासायचे मापी ठोकळे) म्हणजे उगाच खर्च. बॅरल आवळून धरणारा नट हाताला घट्ट लागला की पुरे. आट्यांना ग्रीस लावलं तर नट सुटतो. जुना नट हलत नसेल तर गॅसच्या टॉर्चने तापवा. आणि शेवटी बोल्ट, म्हणजे काडतूस बसतं ते चेंबर मागून बंद करणारा भाग, बंद झाला म्हणजे बॅरल नीट बसली. यातलं एकही विधान टिकत नाही. शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे. हे काम कायद्याने मुभा असेल तिथेच करायचं, तेही मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. हे गृहीत धरूनच पुढचं लिहिलं आहे.

"व्हाइसमध्ये आवळून धरा." काय धरायचं, हे त्या सल्ल्यात नाहीच, आणि निम्मं नुकसान तिथेच होतं. एआर-१५ या अर्ध-स्वयंचलित रायफलचा वरचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, ॲल्युमिनियमचा, पातळ भिंतींचा असतो. उघड्या पोलादी जबड्यांत तो दाबला की चेपतो आणि मग बोल्ट कॅरियर (बोल्ट वाहून नेणारा भाग) आत घासत चालतो. प्लॅस्टिकच्या साच्यात रिसीव्हर धरला की चेपण्याचा धोका टळतो, पिळाचा टळत नाही. बॅरलच्या मागच्या टोकाला एक छोटी पोलादी पिन असते, ती रिसीव्हरच्या तोंडावरच्या खाचेत बसते. रिसीव्हर धरून नट फिरवला की घर्षणाने बॅरलही त्याच्याबरोबर फिरू पाहते आणि तो पीळ पिनवर येतो. पोलादापुढे ॲल्युमिनियम हार खातं, खाच रुंदावते, बॅरल किंचित वळून बसते. मग गॅस ट्यूब (बॅरलमधला वायू मागे नेणारी बारीक नळी) तिरकी होते आणि पुढची माशी एका बाजूला कललेली दिसते.

यावर उपाय म्हणजे रिॲक्शन रॉड. हा दांडा व्हाइसमध्ये धरतात आणि रिसीव्हर त्यावर मागून सरकवतात. त्याचे दात बॅरल एक्स्टेंशनच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकावरच्या तुकड्याच्या, दातांत अडकतात, त्यामुळे पीळ पिनवर न येता थेट बॅरलवर येतो. बॅरलच्या तोंडाचा फ्लॅश हायडर (ज्वाळा झाकणारा तुकडा) काढताना रिसीव्हर धरणं आणखी वाईट, कारण तिथे सगळाच्या सगळा पीळ पिनमधून जातो. तो काढताना बॅरल किंवा रॉडच धरावा.

रेमिंग्टन ७०० सारख्या बोल्ट रायफलला (जिचा बोल्ट हाताने मागेपुढे करतात) बॅरल नट नसतो. बॅरल थेट रिसीव्हरच्या आट्यांत बसते. इथे बॅरल तिच्या जाडीच्या बुशिंगमध्ये (बॅरलभोवती बसणाऱ्या कड्यात), रिसीव्हरच्या शक्य तितक्या जवळ धरायची आणि ॲक्शन पाना, म्हणजे रिसीव्हर पकडायचा पाना, रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर, म्हणजे आटे असतात तिथेच बसवायचा. मागून घालायचा लांब पाना वापरला तर पीळ रिसीव्हरच्या मधल्या कापलेल्या, कमजोर भागातून जातो. पाइप पाना मात्र इथे कुठेच नको. त्याचे दात पाइपात रुतावेत म्हणूनच केलेले असतात आणि रायफलच्या पोलादातही ते तसेच रुततात. बॅरल बुशिंगमध्ये घसरत असेल तर व्हाइस आणखी आवळण्याआधी राळेची पूड किंवा जाड कागद घालून बघावा.

"हाताला घट्ट लागलं की पुरे." एआर-१५च्या बॅरल नटची मर्यादा ३० ते ८० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४१ ते १०८ न्यूटन-मीटर. तेवढाच जोर २० सेंटिमीटरच्या दांड्यावर लावला आणि ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर लावला, तर नटवर तिप्पट फरक पडतो. हाताला तो कळत नाही. पद्धत अशी: नट ३० फूट-पाउंडांपर्यंत आवळा, सैल करा, असं तीनदा करा म्हणजे आटे एकमेकांत बसतात. मग शेवटचं आवळताना गॅस ट्यूबच्या भोकासमोर नटचा गाळा येईपर्यंत पुढेच न्या. ८०च्या आत जुळत नसेल तर नट मागे फिरवून जुळवू नका. शिम (पातळ चकती) घाला किंवा दुसरा नट वापरून बघा.

टॉर्क पाना घेतला म्हणजे चुका संपल्या असंही नाही. सगळ्यात जास्त घोटाळा क्रोफूट जोडणीने, म्हणजे पान्याच्या ड्राइव्हवर बसवायच्या जादा तोंडाने, होतो. ती पान्याच्या सरळ रेषेत लावली की दांडा लांब होतो आणि पाना दाखवतो त्याहून जास्त टॉर्क नटवर पडतो. मुठीच्या मध्यापासून चौकोनी ड्राइव्हपर्यंत ४०० मिलिमीटर आणि जोडणी ५० मिलिमीटर असेल, तर ८० न्यूटन-मीटरवर लावलेला पाना नटवर ९० टाकतो. ८० हवे असतील तर पाना ७१वर लावावा लागतो. जोडणी काटकोनात लावली तर हा हिशेब करावा लागत नाही. फूट-पाउंड आणि इंच-पाउंड यांची गल्लत केली तर चूक थेट बारापट होते. क्लिकचा पाना त्याच्या पट्टीच्या तळच्या पाचव्या भागात भरवशाचा नसतो, एकदा क्लिक झाल्यावर पुन्हा ओढायचा नसतो, आणि नट सोडवायला तर कधीच वापरायचा नाही. काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

"ग्रीस लावलं की नट सुटतो." खरी गोष्ट उलट आहे. आवळताना लावलेल्या टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा भाग दाबून धरायला उपयोगी पडतो, बाकीचा घर्षणात जातो. आटे कोरडे असले की घर्षण वाढतं. पाना ठरलेला आकडा दाखवतो, पण नटची पकड कमीच राहते. वर ॲल्युमिनियमचे कोरडे आटे पोलादाला चिकटून फाटतात. रिसीव्हरच्या आट्यांवर आणि नट बॅरलच्या कॉलरवर टेकतो तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ग्रीसचा पातळ थर पुरतो. ग्राफाइटचं ग्रीस टाळा, त्याने ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यातला गंज वाढतो. चेंबरमध्ये ग्रीस जाता कामा नये.

टॉर्चबद्दल थोडक्यात. ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमला कडकपणा देतात तोच मुळी सुमारे १२० अंश सेल्सियसला. टॉर्चची ज्योत काही सेकंदांत त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि रिसीव्हर मऊ पडतो, तोही बाहेरून काही न दिसता. अडलेल्या नटला रात्रभर भेदक तेल लावून ठेवा.

"बोल्ट बंद झाला म्हणजे बसली." बोल्ट तर हवं त्याहून खोल चेंबरवरही सहज बंद होतो, म्हणून तर दोन गेज लागतात. 'गो' गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, 'नो-गो' गेजवर होता कामा नये. .३०८ विंचेस्टरसाठी ही मापं १.६३० आणि १.६३४ इंच आहेत. फरक ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा. उडवलेल्या काडतुसाची पितळी केस (कवच) गेज म्हणून चालत नाही, ती आधीच ताणलेली असते.

तपासताना बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (केस बाहेर फेकणारा भाग) काढा आणि हँडल बोटाच्या टोकाने खाली आणा. जोर लावला तर बोल्ट 'नो-गो' गेजवरही बंद होईल आणि चेंबरचा खांदाही (पुढे निमुळता होणारा उतार) दबेल. सॅव्हेजसारख्या नटवाल्या रायफलमध्ये बॅरल 'गो' गेजला टेकेपर्यंत फिरवून मग नट आवळतात, पण आवळताना आट्यांमधली मोकळी जागा भरून निघते आणि बॅरल किंचित सरकते. त्यामुळे नट पूर्ण आवळल्यावर दोन्ही गेज पुन्हा घालावेच लागतात. एआर-१५मध्ये हेडस्पेस, म्हणजे गेजने तपासतो ती चेंबरची खोली, बॅरल आणि बोल्ट या जोडीवर ठरतो, म्हणून नव्या बॅरलला जुना बोल्ट लावला तर तपासणी चुकवू नका.

चेंबर खोल राहिलं तर दाबाने केसचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो आणि मागचा भाग बोल्टपर्यंत मागे ढकलला जातो. पितळ बुडाच्या थोडं वर ताणून पातळ होतं आणि शेवटी तिथेच तुटतं. मग तापलेला वायू ॲक्शनमध्ये (बोल्ट आणि रिसीव्हरच्या यंत्रणेत), नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. म्हणून पहिल्या काही केसेस उचलून बुडापासून बोटभर भाग उजेडात बघा. तिथे चमकदार कडं दिसलं किंवा टोक वाकवलेली पेपर क्लिप आतून फिरवताना खाच लागली, तर ती रायफल पुन्हा गेज लावून तपासल्याशिवाय चालवू नका.