‘चार मीटरच्या बांधाची एवढी धास्ती कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. खासगी मालकीच्या लहान मातीच्या धरणांविषयी मी जे लिहिले त्याने तळ्यांचे मालक उगाच धास्तावतात, हा आपला मुख्य आक्षेप आहे. आपला बांध जेमतेम चार मीटर उंच, मागचे तळे होडी फिरवण्यापुरते आणि गळ टाकून बसण्यापुरते, आणि तीस वर्षांत त्याने एकदाही त्रास दिलेला नाही. बांधावरची झाडे मुळांनी माती धरून ठेवतात, सांडव्यावरची जाळी मासे वाहून जाऊ देत नाही आणि जमीन स्वतःची असल्याने इतरांनी यात बोलण्यासारखे काही नाही, असेही आपण लिहिले आहे. यातल्या एका बाबतीत चूक माझी आहे, ती आधी कबूल करतो.

‘झाडे तोडून टाकावीत’ हे वाक्य मी घाईने लिहिले. मोठे झाड नुसते बुंध्यापासून कापले की मुळे मातीत तशीच राहतात, काही वर्षांत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. म्हणजे पाण्याला वाट आपणच करून दिली असे होते. जुने झाड काढायचे तर पाणी उतरवून, मुळे खणून काढून, खड्डा योग्य मातीच्या पातळ थरांनी धुमस करत भरावा लागतो, आणि हे जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. पाणी उतरवायचे तेही सावकाश, कारण ते एकदम काढले तर भिजलेला आतला उतार घसरतो. मात्र यावरून झाडे बांधाला सांभाळतात असे ठरत नाही. माती सांभाळते ते गवत. झाड वादळात उन्मळले की मुळांबरोबर माथ्याचा गाडीभर तुकडा घेऊन जाते, आणि वादळ व तुडुंब तळे यांची गाठ बऱ्याचदा एकाच रात्री पडते.

आता उंचीविषयी. एक हेक्टर तळ्यात सरासरी दोन मीटर पाणी धरले तरी ते 20,000 घनमीटर, म्हणजे 20,000 टन भरते. खाली मैलोगणती पडीक रान असेल तर त्याची काळजी नको. एखादे घर किंवा रस्त्याची मोरी असेल तर चार मीटर पुष्कळ झाले.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सिंचनाचा तलाव हंगामात उतरतो, त्यामुळे आतला उतार, पिचिंगचे (उतारावरच्या दगडी अस्तराचे) सुटलेले दगड आणि विमोचकाचे (तळातून पाणी सोडण्याच्या वाटेचे) तोंड वर्षातून एकदा तरी माणसाच्या नजरेस पडते, शिवाय पहिला पूर सामावून घ्यायला जागा असते. विरंगुळ्याचे तळे मालकाला बारा महिने काठोकाठ हवे असते, कारण त्याची शोभाच त्यात आहे. साहजिकच त्याची आतली बाजू वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही आणि येणारा प्रत्येक लोंढा थेट सांडव्यावर जातो. नेमका तोच सांडवा माशांसाठी जाळी लावून आपण अरुंद करतो.

हे कल्पनेने लिहीत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातले साउथ फोर्क धरण मुळात कालव्यासाठी बांधलेले. पुढे ते श्रीमंतांच्या मासेमारी आणि शिकारीच्या क्लबाकडे गेले. तळातले लोखंडी विमोचक नळ आधीच्या मालकाने काढले होते, ते क्लबाने पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या नेता याव्यात म्हणून तो थोडा खाली उतरवला आणि सांडव्यावर मासे अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 रोजी धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउनसह त्या खोऱ्यात 2,200 हून अधिक माणसे गेली. ते धरण सुमारे 22 मीटर उंच होते, तेव्हा तुलना अन्यायाची आहे असे आपण म्हणाल. मग अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स धरण घ्या. उंची साधारण 12 मीटर. वीजनिर्मिती 1957 मध्ये थांबल्यावर ते केवळ विरंगुळ्याचे तळे म्हणून उरले होते. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे, मुसळधार पावसानंतर ते फुटले आणि 39 जण मरण पावले. चौकशीत कोणतेही एकच निश्चित कारण हाती लागले नाही. खालच्या तीव्र उताराची घसरण हे संभाव्य कारणांपैकी एक मानले गेले. हेही धरण अनेक दशके उभे होते, म्हणून तीस वर्षांचा दाखला मला पुरेसा वाटत नाही.

‘पायथ्याशी थोडा ओलावा आहे, पण तो पहिल्यापासूनच आहे,’ असे आपण ओघात लिहिले आहे. मातीचे धरण थोडेफार पाझरतेच, त्याने घाबरू नये. पाझर कसा बदलतो हे मात्र पाहावे. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून उजेडाकडे धरावे, मग तासभर न हलवता ठेवावे. तळाशी साका बसला तर माती आतून वाहून जात आहे, आणि अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पाणी स्वच्छ असेल तर ते बादलीत धरून ती किती सेकंदांत भरते आणि त्या वेळी तळ्याची पातळी किती होती, हे दर महिन्याला वहीत लिहावे. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर तिथेही अभियंता हवा. लगेहाथ पाणसळ लावून माथाही तपासावा. बांध सर्वांत उंच असतो तिथेच माती सर्वांत जास्त दबते, आणि माथा तिथे वीतभर खचलेला असला तर पुराचे पाणी पहिल्यांदा तिथूनच ओसंडते.

जमीन आपली आहे, पण फुटलेले पाणी कुंपण पाळत नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने जाणत्या लोकांकडून तलाव बांधून घेतला. खाली जुन्या, सोडून दिलेल्या खाणीच्या विहिरी होत्या आणि त्यांतून पाणी शेजारच्या खाणीत शिरले. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता, तरी 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने) नुकसानीची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या नावाने तो निकाल आजही कायद्याच्या वर्गांत शिकवतात.

राहिली जाळी. पानकचरा आणि फांद्या अडकून ती एका रात्रीत भिंत होते, हे सांडवा साफ करणाऱ्याला विचारावे. मासे राखायचेच असतील तर सांडव्याच्या तोंडावर जाळी नको. आत, तळ्याच्या बाजूला, कितीतरी अधिक रुंदीवर उभ्या गजांची विरळ ओळ बसवावी आणि पावसाळ्याआधी तीही काढता येईल अशी ठेवावी. काही मासे जातील.

आपला,
लेखक