तळहाताने दिलेला निकाल

नव्या स्प्रिंगा बसवल्यापासून माझी गाडी गतिरोधक ओलांडून गेल्यावरही बराच वेळ डोलत राहते. ही तक्रार घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो, तर तिचा निकाल दिला तो त्या वर्कशॉपशी सुतराम संबंध नसलेल्या एका गृहस्थाने. अधिक कडक स्प्रिंगा मेकॅनिकनेच सुचवल्या होत्या आणि शॉकअब्सॉर्बर मात्र जुनेच राहू द्या, असा सल्लाही त्याचाच होता.

हे गृहस्थ स्वतःच्या गाडीची वाट पाहत टायरांच्या चळतीवर बसले होते. वाट पाहणाऱ्या माणसाच्या हाती निदान वर्तमानपत्र तरी द्यावे, नाहीतर तो दुसऱ्यांच्या गाड्यांचे निदान करू लागतो. ते उठले, त्यांनी बाह्या सरसावल्या, मडगार्डवर दोन्ही तळहात टेकून सगळा भार खाली घातला आणि डोळे मिटून कान दिला.

"चुंई म्हणते आहे," ते म्हणाले. "चुंई म्हणजे उत्तम. खट् म्हणाली असती, तर शॉकअप गेले असे समजावे."

मेकॅनिकने मान डोलावली. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा फक्त साठवून परत देते, शॉकअब्सॉर्बर तिची उष्णता करून ती संपवतो आणि म्हणून दोघांची जोडी जुळावी लागते, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. गृहस्थांनी वाकून शॉकअब्सॉर्बरला हात लावला.

"थंडगार आहे. म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, संपवण्यासारखे काही उरलेलेच नाही."

गाडी सकाळपासून जागची हललेली नव्हती, हे सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, "काकांचे बरोबर आहे, साहेब."

वास्तविक यात मतभेदाला जागाच नाही. साध्या गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावतो. स्प्रिंग दीडपट कडक केली की हा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच शॉकअब्सॉर्बरची हेलकावा थोपवण्याची सापेक्ष शक्ती सुमारे १८ टक्क्यांनी घटते. मुळातच तो थकलेला असेल, तर बोलायलाच नको. शिवाय शॉकअब्सॉर्बरचा विरोध त्याच्या दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतो आणि खड्ड्यात चाक आदळताना येणारा वेग कोणत्याही काकांच्या तळहाताला साधत नाही. पण जगातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये मडगार्ड दाबून पाहणाऱ्याला जाणकार मानतात आणि गणित सांगणाऱ्याला कटकट्या.

"मग सर्वांत कडक शॉकअप टाका," गृहस्थ उदार झाले. "माझी गादीसुद्धा कडक आहे. पाठीची कधी तक्रार नाही."

परतीच्या हालचालीत शॉकअब्सॉर्बर प्रमाणाबाहेर कडक असला, तर एका खड्ड्यातून सावरलेले चाक पुरते खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो आणि गाडी टप्प्याटप्प्याने बसत जाते. पण हे मी गादीच्या मालकाला समजावणार कसे? खरा संताप मला त्यांच्यावर नाहीच. स्प्रिंग विकणारा शॉकअब्सॉर्बरचे नाव काढत नाही, शॉकअब्सॉर्बर विकणारा स्प्रिंगकडे बोट दाखवतो आणि दोन्ही एकत्र बसवणारा प्रेक्षकांचा कौल घेतो.

बिलात 'शॉकअब्सॉर्बर तपासणी' असा वेगळा आकार लावलेला होता. तपासणी करणारा माणूस तुमचा नोकरही नाही, हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "म्हणून तर कमी लावले आहेत."