लाईक कर, पण तोंड उघडू नको

कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर काय लिहावं, काय लिहू नये हे सांगणाऱ्या कंपनीच्या पॉलिसीचा मेल आला की आपण काय करतो? सरसर खाली जायचं, 'वाचले व मान्य आहे'वर टिक, विषय संपला. यंदाची नवी आवृत्ती मात्र मी शेवटपर्यंत वाचली. 'कंपनीच्या प्रतिमेस बाधा येईल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करू नये.' कोणताही म्हणजे नक्की कोणता? पगार उशिरा झाला असं लिहिलं तर बाधा येते का? शनिवारीही बोलावतात हे लिहिलं तर?

गोपनीयतेच्या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही. ग्राहकांची माहिती आणि जाहीर न झालेले आकडे आतच राहायला हवेत. उलट तिथे आणखी बारकाईने लिहायला हवं. मुद्दाम कोणी माहिती फोडत नाही. केक कापतानाचा फोटो टाकतात आणि मागच्या व्हाइटबोर्डवर क्लायंटचं नाव, लाँचची तारीख लख्ख दिसते. नव्या नोकरीच्या आनंदात ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरतात, बारकोडसकट! असे दोन फोटो पॉलिसीत छापले तरी पुष्कळ काम होईल. पण मोघम शब्द सोयीचे पडतात. कारवाई करायची ठरली की कोणालाही लावता येतात.

अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना पगार आणि कामाच्या परिस्थितीबद्दल एकमेकांशी बोलण्याचा हक्क दिलाय, युनियन असो वा नसो. फेसबुकवरचं बोलणंही त्यात येऊ शकतं. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने ठरवलं की एखादा नियम वाचून कर्मचारी हा हक्क वापरायला कचरणार असेल, तर तो नियम का हवा हे कंपनीने पटवून द्यायचं. खासगी चॅट तपासून एकाला कामावरून काढल्याच्या रुमानियातल्या प्रकरणात युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिला. नजर ठेवणार असाल तर किती आणि कशी, हे आधी सांगा, असा त्याचा मथितार्थ.

पण मला खरी चीड येते ती पॉलिसीत नसलेल्या गोष्टीची. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी लिंक येते. 'साहेबांची लिंक्डइन पोस्ट. सर्वांनी लाईक, कमेंट, शेअर. झालं की इथे अंगठा टाका.' मग अंगठ्यांची रांग. दुपारी ज्यांचे अंगठे नाहीत त्यांच्या नावाने आठवण. म्हणजे अकाउंट माझं, मित्र माझे, डेटा माझा, आणि हजेरी कंपनीची! वरून प्रोफाइलवर 'मते वैयक्तिक' लिहायला सांगणारेही हेच.

यात आणखी एक मेख आहे, जी बऱ्याच एचआरवाल्यांच्या गावीही नसते. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, स्वतःच्या कंपनीच्या मालाची वाहवा करताना आपण तिथे नोकरीला आहोत हे त्या पोस्टमध्येच कळायला हवं. प्रोफाइलमध्ये कंपनीचं नाव असणं पुरेसं धरत नाहीत. मग 'काय भन्नाट प्रॉडक्ट आहे!' असं पन्नास जणांकडून लिहून घेणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

आयबीएमने २००५ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी नियम केले तेव्हा त्यांचा मसुदा कर्मचाऱ्यांनीच विकीवर, म्हणजे सगळ्यांना बदल करता येणाऱ्या वेबपानावर, मिळून तयार केला होता. स्वतःच्या नावाने लिहा, आयबीएमचा विषय असेल तर तिथलं पद सांगा, मत स्वतःचं आहे हे स्पष्ट करा, असा त्यांचा सूर. लिहिणाऱ्यांनाच नियम लिहायला बसवल्यावर भाषा आपोआप माणसासारखी होते.

आमच्या पॉलिसीवर अभिप्राय मागवलाय, शुक्रवारपर्यंत. मी दोनच वाक्यं घालायला सुचवलंय. 'पगार व कामाच्या परिस्थितीबद्दल बोलणे हे या नियमाचे उल्लंघन नाही.' आणि 'कंपनीच्या पोस्ट शेअर करणे ऐच्छिक असून त्याची नोंद ठेवली जाणार नाही.' पहिल्यावर लीगलला विचारतो म्हणालेत. दुसऱ्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही, आणि आज सकाळीही लिंक आलीच.