काळी निशाणं दाखवलेली माणसं

गेल्या रविवारी घरी सत्यनारायण होता. पंगत उठली आणि गप्पा देशावर आल्या. पुतण्या २४ वर्षांचा, हुशार, मनापासून बोलणारा. म्हणाला, "काका, आपल्याला ही लोकशाही झेपत नाही. एक धर्म, एक भाषा, एक शिस्त आणि वीस वर्षं कडक राजवट हवी. मग बघा देश कसा एकसंध राहतो ते." त्याच्या बोलण्यात देशाची खरी काळजी होती, म्हणून त्याला दोन वाक्यांत गप्प करावंसं वाटलं नाही. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे लिहितोय. लांबेल, पण वाचा.

पुतण्या म्हणतो तो प्रयोग होऊन गेलाय. आपल्या शेजारीच, आपल्याबरोबर १९४७ साली जन्मलेल्या देशात.

पाकिस्तानातले निम्म्याहून जास्त लोक पूर्व बंगालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले होते. म्हणजे त्या देशात सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा बंगाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कोमिल्लाचे धीरेंद्रनाथ दत्त संविधान सभेत उभे राहिले आणि त्यांनी अगदी साधी गोष्ट मागितली. सभेच्या कामकाजात उर्दू आणि इंग्रजीच्या जोडीला बंगालीही चालू द्या. उर्दू काढा असं ते म्हणत नव्हते. पंतप्रधान लियाकत अलींनी विरोध केला आणि मागणी फेटाळली गेली. महिनाभरात, २१ मार्चला, खुद्द जिनांनी ढाक्याच्या सभेत बजावलं की राष्ट्रभाषा उर्दूच राहील, दुसरी कुठलीही नाही.

पुढे काय झालं ते तारखाच सांगतात. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत बंगाली जनतेनं मुस्लिम लीगचा धुव्वा उडवला, तर निवडून आलेलं सरकार केंद्रानं दोन महिन्यांच्या आत बरखास्त केलं. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला मान्यता मिळाली, पण १९५८ मध्ये लष्करी कायदा आला आणि ती घटनाच रद्द झाली. सगळ्या प्रौढांना मत देता येईल अशी पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला डिसेंबर १९७० उजाडला. पूर्वेच्या १६२ जागांपैकी १६० बंगाल्यांच्या अवामी लीग या पक्षानं जिंकल्या, संपूर्ण देशात बहुमत मिळवलं. त्यांच्या हाती सत्ता देण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर घुसवलं गेलं. धीरेंद्रनाथ दत्तांनी तोवर ऐंशी ओलांडली होती. त्यांना मुलासह घरातून उचलून नेलं आणि ठार केलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला देशाचे दोन तुकडे झाले.

दोन्हीकडे बहुसंख्य लोक एकाच धर्माचे होते, हे लक्षात घ्या. शिस्त होती, फौज होती, देशाच्या एकीची भाषणं तर रोज होती. बंगाली माणसाला आपलं म्हणणं मांडायला आणि ते मान्य करून घ्यायला वाट तेवढी नव्हती.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही गोळ्या चालल्या, हे मी विसरत नाही आणि कुणी विसरू नये. मराठी माणसं मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागत होती, तेव्हा २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला १५ माणसं पडली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायची घोषणा झाली आणि रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडलं. १०६ हुतात्मे म्हणतो आपण. दिल्लीतल्या लोकांनाही तेव्हा भाषेच्या नावानं देश फुटेल अशी भीती वाटत होती. फाळणी ताजी होती, ती भीती खोटी नव्हती.

पण इथे सगळ्या वाटा बंद झाल्या नाहीत. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि भर लोकसभेत सरकारला सुनावलं. आचार्य अत्रे रोज झोडपत होते आणि त्यांचं 'मराठा' हे दैनिक रोज निघत होतं. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे गावोगाव डफावर लोकांना जागं करत फिरले. आणि १९५७ ला निवडणूक ठरल्या वेळी झाली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली आणि तो निकाल दिल्लीनं मान्य केला. तीन वर्षांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला. नेहरूंना हे राज्य मनापासून नको होतं, तरी ते त्यांच्याच हस्ते झालं. सरकारला माघार घेता आली. पुतण्याला हा दुबळेपणा वाटतो, मला त्यातच देशाची ताकद दिसते.

तामिळनाडूचंही तसंच. द्रविडनाडू हा वेगळा देश मागणाऱ्या द्रमुकनं १९६३ मध्ये ती मागणी सोडली. १९६५ ला हिंदीविरोधात तिथे आग लागली, १९६७ ला तोच पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला आणि इंग्रजी चालू ठेवण्याची हमी त्याच वर्षी कायद्यात आली. आज त्या फुटीरपणाची कुणाला आठवणही येत नाही.

आता पुतण्याच्या बाजूचं. माणसं नुसत्या राज्यघटनेच्या कलमांवर जगत नाहीत हे मला मान्य आहे. भाषा, देवधर्म, सणवार, वाडवडिलांची रीत यांनीच माणूस माणसाला बांधला जातो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तरी कशावर उभी होती? पोवाड्यांवर, शिवरायांच्या नावावर, आईच्या बोलीवर. म्हणून परंपरा जपू पाहणाऱ्या माणसाला मी कधीच मागासलेला म्हणणार नाही. वारीला कुणी हुकूम काढून माणसं नेत नाही, तरी शेकडो वर्षं ती चालली आहे. पण ज्या उर्दूवर लाखो माणसं जीव टाकतात, तीच वरून लादल्यावर ढाक्यात तिचा द्वेष झाला. उद्या कुणी मराठीचंही असं करायला निघालं, तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. मराठीवर प्रेम आहे म्हणूनच.

लोकशाहीनं सगळ्यांना न्याय दिला असंही नाही. बेळगाव, कारवार, निपाणीचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. सीमाभागातल्या माणसासमोर लोकशाहीचं कौतुक करताना माझा आवाज खाली येतो. तिथल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी वाट बघतच डोळे मिटले. हे दुखणं खरं आहे आणि ते लपवून मला वाद जिंकायचा नाही.

पुतण्याला मी शेवटी माझ्या आजीची गोष्ट सांगितली. आजी वाईची. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा त्यांच्या वाटेवर हजारो माणसं काळी निशाणं घेऊन उभी होती. पसरणी घाटाखालच्या गर्दीत आजीही होती. निशाण म्हणजे जुन्या छत्रीचं कापड, काठीला बांधलेलं. उन्हात घसा बसेपर्यंत ती घोषणा देत होती. संध्याकाळी घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापल्या. तिच्यामागे कुणी घरी चौकशीला आलं नाही.

पाचच वर्षांनी चीननं हल्ला केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं सगळा महाराष्ट्र म्हणू लागला. पंतप्रधान तेच, नेहरू. संरक्षण निधीसाठी गावात सोनं गोळा होत होतं. आजीच्या हातात दोनच पाटल्या होत्या. त्यातली एक तिनं काढून दिली. दुसऱ्या हातातली पुढे जन्मभर तिच्या हातात मी बघितली आहे, आणि लहानपणी मी तिला नेहमी विचारायचो, आजी, एकाच हातात का गं?