ड्रायव्हर रात्री झोपला कुठे, ते कोणी विचारलंत का?

आज सकाळी आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात पर्स ठेवते न ठेवते तोच रिव्ह्यू समोर. केरळ, पाच रात्री सहा दिवस, सहा जणांची फॅमिली, परवाच परत आलीये. हॉटेलं छान, हाऊसबोट मस्त, जेवण ठीक, आणि खाली लिहिलंय, 'गाडीला घामाचा वास येत होता, ड्रायव्हर सारखा जांभया देत होता, असला माणूस परत कोणाला देऊ नका.' एक स्टार. शेजारच्या टेबलवरची म्हणाली, डीएमसीला (तिकडचं हॉटेल-गाडी-साइटसीइंग सगळं सांभाळणारी कंपनी) मेल टाक, तो ड्रायव्हर काढायला सांग. मेल उघडला आणि बंद केला. दिवसभर डोकं तापलंय म्हणून इथे लिहितेय.

अहो वास येणारच ना! चार रात्री तो माणूस त्याच गाडीत झोपलाय. पाचव्या रात्री तुम्ही कोचीत होतात म्हणून तेवढा घरी गेला असेल.

मला हे कसं माहीत? मी मुन्नारला पहिल्यांदा गेले ती फॅम ट्रिपला. म्हणजे तिकडचे डीएमसीवाले आणि हॉटेलवाले आम्हा एजंट लोकांना फुकट फिरवतात, की बाई पुढच्या सीझनला पाहुणे आमच्याकडे पाठव. डिसेंबर होता. मला व्हॅली व्ह्यूची रूम, फळांची टोपली, बेडवर टॉवेलचे हंस. रात्री साडेअकराला लक्षात आलं चार्जर गाडीत राहिला, म्हणून शाल गुंडाळून पार्किंगमध्ये गेले तर इनोव्हाच्या काचा आतून धुरकटलेल्या, एक काच दोन बोटं खाली. टकटक केलं तर आमचा ड्रायव्हर चेट्टा दचकून उठला (तिकडे दादाला चेट्टा म्हणतात). सीट मागे पाडलेली, पाय मुडपलेले, अंगावर पातळ चादर, आणि हेडरेस्टवर धुतलेला पांढरा शर्ट वाळत घातलेला. सकाळी आम्हाला गुड मॉर्निंग म्हणताना घालायचा तो. मी विचारलं, रूम नाही दिली? तर हसून म्हणाला, 'नो प्रॉब्लेम मॅडम, डेली ओन्ली.'

डेली ओन्ली. अकरा वर्षं झाली, ते दोन शब्द कानातून जात नाहीत.

आता आमच्या धंद्यात काय चालतं ते ऐका. तुम्ही पैसे आम्हाला देता, आम्ही मार्जिन काढून डीएमसीला, डीएमसी हॉटेलला. हॉटेलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळं लिहिलेलं असतं, नाश्ता-रात्रीचं जेवण, एक्स्ट्रा मॅट्रेस, लहान मुलाचा वेगळा रेट, 24 आणि 31 डिसेंबरचं कंपल्सरी गाला डिनर. गाडीचे पैसे डीएमसीकडून ट्रान्सपोर्टरला, तिथून गाडीमालकाला, आणि मालक ड्रायव्हरला देतो दिवसाचा बाटा, म्हणजे भत्ता. त्या बाट्यात दोन वेळचं जेवण बसतं, सीझनमधली मुन्नारची रूम बसत नाही. आणि समजा बसली तरी तो ते पैसे घरी नेणार, तुम्हीआम्हीही तेच केलं असतं. कोटेशनवर आम्ही छापतो, 'टोल, पार्किंग, ड्रायव्हर बाटा इन्क्लुडेड'. ड्रायव्हरचा बेड ही ओळ मी अकरा वर्षांत एकाही व्हाउचरवर, म्हणजे हॉटेलला जाणाऱ्या बुकिंगच्या कागदावर, टाइप केलेली नाही. चेट्टाला त्या गाडीत बघून आल्यावरसुद्धा नाही.

आणि याच फॅमिलीने तीन कंपन्यांची कोटेशनं माझ्यापुढे ठेवून माणशी हजार कमी करून घेतले होते. हॉटेल कमी करेना, सीझन. हाऊसबोटवाला करेना. विमानवाल्यांना तर विचारायचीच सोय नाही, त्यांना ग्रुपचं डिपॉझिट आधी लागतं. 3 मे 2023 ला गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा एजंटांचे पैसे अडकले, त्याच्या बातम्या आल्या. ऐन मे महिन्यात ज्यांच्या बुक झालेल्या गाड्या उभ्या राहिल्या त्या ड्रायव्हरांची बातमी मी तरी कुठे वाचली नाही. तर ते सहा हजार गेले कुठून? गाडीतून. मीच फोन केला होता, 'गाडीचं बघा ना काहीतरी.' मीच.

हो, काही ड्रायव्हर मसाल्याच्या दुकानात नेतात आणि कमिशन घेतात, थेक्कडीला तर हमखास, मान्य. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी चांगली डॉर्मिटरी असते, तेही मान्य. पण ती असते का, हे बुकिंग करताना कोणी विचारत नाही हो, ना आम्ही ना तुम्ही! मुन्नारहून बोडीमेट्टूला गेलं की तामिळनाडूची हद्द. तिथल्या सरकारने 2023 साली बांधकामाच्या नियमातच घातलं की हॉटेल-लॉजने पाहुण्यांच्या ड्रायव्हरची झोपायची आणि बाथरूमची सोय करायचीच. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

हाऊसबोटीचं तर बघा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला लागते कारण नंतर मच्छीमार जाळी टाकतात. तुम्ही बोटीवर एसीत, करीमीन फ्राय खाऊन झोपलेले. तो अलेप्पीत जेटीजवळ गाडीत, काच लावली तर उकाडा, उघडली तर डास. सकाळी नऊला तुम्ही उतरता तेव्हा तो शर्ट इन करून डिकी उघडून उभा. आदल्या दिवशी याच माणसाने थेक्कडीहून घाट उतरून तुम्हाला जवळजवळ 140 किलोमीटर आणलं, मागे तुमची नातवंडं झोपलेली. त्याच्या जांभईची तक्रार करताय? मला तर ती वाचून पोटात गोळा आला.

त्या फॅमिलीवर खूप चिडले होते सकाळी. आता तेवढी नाही. आजी-आजोबांना घेऊन गेले होते, दोन वर्षं पैसे साठवून, त्यांना कोण सांगणार हे सगळं. सांगायला हवं होतं मी.

दुपारी डीएमसीला फोन केला. म्हटलं 26 तारखेच्या ग्रुपच्या ड्रायव्हरला मुन्नारला बेड पाहिजे. तो म्हणाला, मॅडम त्या हॉटेलात लॉन्ड्रीमागे चार कॉट आहेत, पण व्हाउचरवर लिहून पाठवा, नाहीतर लग्नाचा स्टाफ आला की त्यांना देऊन टाकतात.

लिहून पाठवलं. 'ड्रायव्हर, 1 बेड, 1 ब्लँकेट, गरम पाणी, रात्रीचं जेवण.' सहा वाजून गेले, हॉटेलचं कन्फर्मेशन अजून आलेलं नाही.